भार एकट्या रांधणाऱ्यावर का?

लातूर जिल्ह्यातलं एक कुटुंब इंग्लंडमध्ये, लेस्टरजवळच्या एका लहान गावात हॉटेल चालवतं. नवरा-बायको आणि नवऱ्याची आई, तिघं मिळून. हॉटेल काढलं तेव्हा फळ्यावर ज्वारीची भाकरी, येसर आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची), धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि थंडीत बाजरीचे उंडे एवढंच होतं. पुढे त्याच फळ्यावर नान आलं, बटर चिकन आलं आणि धपाट्यावर किसलेलं चीज आलं. गावाकडून गेलेल्या एका पाहुण्याने त्याचा व्हिडिओ काढून पाठवला आणि इकडे वाद पेटला. ‘मराठवाड्याचं नाव लावून पंजाबी विकता, शरम कशी वाटत नाही?’ हा एक सूर. ‘पोटासाठी गेलेली माणसं आहेत, गिऱ्हाईक मागेल ते द्यावंच लागतं, धंद्यात कसली संस्कृती?’ हा दुसरा. दोन्हीकडचं बोलणं मी मन लावून ऐकलं. दोन्ही बाजूंची माणसं माझ्या जवळची आहेत, म्हणूनच हा वाद इतका उथळ चालावा याचं वाईट वाटतं.

या भांडणात रांधणाऱ्याने काय करावं यावर सगळे बोलतात, खाणाऱ्याने काय करावं यावर कोणीच नाही. एक बाजू त्या बाईला संस्कृतीची राखणदार करते, दुसरी तिला गल्ल्यावर बसवून मोकळी होते. माझं म्हणणं असं की अन्न मिसळतं, मिसळायलाच हवं, पण ते खाणाऱ्याच्या उत्सुकतेने मिसळतं की रांधणाऱ्याच्या धास्तीने, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हा फरक घडवणं बहुतांशी खाणाऱ्याच्या हातात असतं.

वाद सुरू झाल्यावर मी त्या घरातल्या सुनेशी फोनवर बोललो. ती म्हणाली, “दादा, चीज आम्ही हौसेनं घातलं. लेकरानं घरी धपाट्यावर चीज टाकून खाल्लं, आम्हालाबी गोड लागलं, म्हणून फळ्यावर लिहिलं. नानचं तसं नव्हतं. माणसं दारात यायची, नान नाही म्हटलं की माघारी फिरायची. इकडं भाड्याची तारीख जवळ यायची.” म्हणजे इकडच्यांनी ज्या चीजवर सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं, ते त्या घराचं स्वतःचं होतं. जे नान ‘त्यात काय एवढं’ म्हणून सोडून दिलं गेलं, ते नाइलाजाने आलेलं होतं. ताटात काय आहे एवढंच बघून संस्कृतीचा निवाडा करणाऱ्यांना हे दिसणार कसं?

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. त्यांच्याजवळ एक भक्कम उदाहरण आहे, आणि ते ब्रिटनमधलंच आहे. तिथली ‘इंडियन’ म्हणून ओळखली जाणारी बहुसंख्य हॉटेलं गेली कित्येक दशकं बांगलादेशातून, त्यातही सिल्हेटमधून गेलेल्या लोकांनी चालवली. यातले आधीचे लोक इंग्रजांच्या जहाजांवर राबणारे खलाशी होते. ते घरी सुकी मासळी खायचे, शातकोरा नावाचं लिंबासारखं आंबट-कडवट फळ घातलेलं कालवण खायचे. हॉटेलात मात्र त्यांनी कोरमा, मद्रास, विंदालू अशी तिखटाची शिडी लावली, आणि गिऱ्हाईक तिखटाच्या मापानेच जेवण मागवू लागलं. पाटीवर ताजमहाल, पण सिल्हेटचं नाव क्वचितच. रॉबिन कुक हे परराष्ट्रमंत्री असताना 2001 साली एका भाषणात त्यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. त्याचं कौतुक आपल्याकडेही फार झालं. पण ज्यांच्या हातांनी तो पदार्थ देशभर पोचवला, त्यांचं स्वतःचं जेवण त्या गौरवात कुठे होतं? दोन पिढ्या दुसऱ्याच्या चवीचं रांधूनही आपल्या आईच्या हातचा पदार्थ त्यांना फळ्यावर क्वचितच लिहिता आला, हे नुकसान खरं आहे. आपली भाकरीही अशीच मागच्या दाराने घरी जाईल, ही भीती वाटणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट तर मला स्वतःला बोचते. मराठवाड्याचं जेवण आपल्याच राज्यात अदृश्य आहे. पुण्या-मुंबईत मालवणी, कोल्हापुरी, सावजी, खानदेशी अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. येसर आमटीची पाटी किती जणांनी पाहिली आहे? लातूर-धाराशिवच्या शिवारात वेळ अमावास्येला जी भज्जी होते, हरभरा, तूर, वाल, पावटा अशा ओल्या दाण्यांची, पालेभाज्या आणि बेसन घालून शिजवलेली, तिच्यासोबत आंबील आणि उंडे असतात. ते जेवण पुण्यातल्या मराठी माणसालाही समजावून सांगावं लागतं. सुशीला हा सकाळच्या न्याहारीचा, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ आहे हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. इतकं दुर्लक्ष वाट्याला आलेल्या प्रदेशाचं नाव परदेशातल्या एका पाटीवर चढतं, तेव्हा त्या पाटीखाली काय मिळतं याबद्दल लोक हळवे होणारच. हा हळवेपणा मला पूर्ण समजतो.

पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. ‘नान म्हणजे पंजाबी, मराठवाड्याचा त्याच्याशी काय संबंध?’ असं विचारणाऱ्यांनी संभाजीनगरच्या जुन्या शहरात एकदा जेवून यावं. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, हा तिथला खास पदार्थ. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमाराला राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, त्या लष्कराच्या भटारखान्यातून तो इथे रुजला असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. लष्कर परत गेलं, तंदूर राहिला. ते शहर ज्या खडकीतून वाढलं, ती 1610 मध्ये वसवली मलिक अंबरने. तो मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा. नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये देह ठेवला. तेव्हापासून गुरुद्वारा आणि लंगर नांदेडच्या अंगाचे झाले आहेत. हैदराबादच्या निजामाने येमेनमधल्या हद्रमौतहून आणलेल्या अरब शिपायांबरोबर आलेला गहू-मांसाचा हरीस दख्खनी मसाले घेऊन हलीम झाला, आणि रमजानमध्ये आपल्याकडच्या शहरांतही त्याच्या डेगा चढू लागल्या. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत त्याच राज्यात होता. यातलं काय काय वजा करून ‘अस्सल मराठवाडी’ ताट मांडायचं?

बरं, हे सगळं शहरांचं झालं, खेड्यातली भाकरी तरी आपली असं कोणी म्हणेल. ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. बाजरी पश्चिम आफ्रिकेची. दोन्ही हजारो वर्षांपूर्वी इकडे आल्या. मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातून आले, तेही पोर्तुगीज इथे पोचल्यानंतर. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी हे ज्ञानेश्वरांच्या काळच्या आपेगावात किंवा नामदेवांच्या नरसीत कोणाच्याही ताटात असणं शक्य नव्हतं, कारण ठेच्यातली मिरची आणि चटणीतला शेंगदाणा तेव्हा समुद्रापलीकडे होते. म्हणून ती भाकरी-चटणी कमी मराठवाडी ठरते का? मुळीच नाही. आमच्या आज्यांनी आणि त्यांच्या आज्यांनी जे हाती आलं त्याला आपल्या हाताची सवय लावली, म्हणूनच ती आमची झाली.

यावर एक चांगला प्रतिवाद मला एका शिक्षक मित्राने ऐकवला. तो म्हणाला, “हे सारं शेकडो वर्षांत, सावकाश, आपापल्या मर्जीने झालं. लेस्टरला जे चाललंय ते भाड्याच्या दडपणाखाली एका वर्षात उरकलेलं आहे. दोन्हीला एकच माप कसं लावतोस?” प्रश्न रास्त आहे. पण ‘आपापल्या मर्जीने’ हे कुठून आलं? तुघलकाने दिल्लीकरांना मर्जी विचारून देवगिरीला आणलं नव्हतं. मलिक अंबरला बाजारात विकत घेतलं होतं. डर्बनचं बनी चाऊ, म्हणजे पोखरलेल्या पावात भरलेली रस्साभाजी, हे तिथल्या ज्या भारतीय वंशाच्या लोकांचं खाणं, त्यांचे पूर्वज 1860 पासून करारात बांधून उसाच्या मळ्यांवर नेलेले होते. जुनं मिसळणं हळुवार होतं हा आपला समज आहे. त्यातली जबरदस्ती विसरली गेली आणि चव तेवढी उरली. वेगाचं म्हणाल, तर कोलकात्याच्या चिनी वस्तीत वाढलेल्या एका आचाऱ्याने 1975 मध्ये मुंबईत पहिल्यांदा केलं असं मानलं जाणारं मंचुरियन एकाच पिढीत आपल्या तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत आलं. त्याने पिठलं मेलं नाही. तेव्हा वेळ किती लागला, यावरून मिसळण्याचं बरं-वाईट ठरवता येत नाही. पूर्वीची सक्ती आपण थांबवू शकत नव्हतो, आजची थोडीफार सैल करू शकतो, हा मात्र मोठा फरक आहे.

आता ‘धंदा आहे, गिऱ्हाईक मागेल ते द्या’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. हे लोक स्वतःला व्यवहारी समजतात, पण गिऱ्हाईकाची आवड आभाळातून पडते असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. आवडीमागे पुष्कळदा मान-अपमानाची उतरंड असते. अमेरिकेत इटलीहून गेलेल्या मजुरांना लसूण खाण्यावरून हिणवलं जात असे. आज तोच लसूण-पाव तिथे घरोघरी आवडीने खातात. लसूण तोच राहिला, इटालियन माणसाची समाजातली पायरी तेवढी बदलली. 1968 मध्ये तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं आणि चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशी ओरड सुरू झाली. खापर फुटलं अजिनोमोटोवर. नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात त्याचा असा त्रास होतो हे पुढच्या अभ्यासांत सातत्याने दिसलं नाही, आणि टोमॅटोत, जुन्या मुरलेल्या चीजमध्ये तोच घटक निसर्गतःच असतो. पण चिनी स्वयंपाकघरावरचा संशय अनेक दशकं टिकला. भावाचंही तेच. फ्रेंच किंवा जपानी जेवणाला वाटेल तो दाम देणारा माणूस स्थलांतरिताच्या हॉटेलात बसला की ‘इतकं महाग?’ म्हणतो. हाताने थापलेल्या भाकरीला लागणारं कसब आणि वेळ त्याच्या हिशेबात नसतो. अशा वेळी ‘गिऱ्हाईक मागेल ते’ म्हणजे ‘वरच्या पायरीवरचा म्हणेल ते’ असा अर्थ होतो.

आणि पदार्थ स्वीकारला की माणूसही स्वीकारला जातो, हाही भ्रमच. पूर्व लंडनमध्ये 4 मे 1978 रोजी अल्ताब अली या तरुण बंगाली कामगाराचा वर्णद्वेषातून खून झाला. त्या काळात ब्रिटनच्या गावोगावी लोक रात्री उशिरा बंगाली माणसाच्या हॉटेलात बसून करी खात होते. जीभ जुळली तरी मन जुळत नाही, मग निव्वळ जिभेची मर्जी राखून त्या कुटुंबाच्या हाती काय लागणार आहे?

मग खाणाऱ्याने करायचं काय? याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच एकाने देऊन ठेवलं आहे. कोल्हापूर संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे शाहू महाराजांच्या पाठबळावर त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. दुकान स्वच्छ, चहा उत्तम, पण अस्पृश्याच्या हातचा म्हणून कोणी फिरकेना. तेव्हा महाराजांनी काय केलं? कांबळ्यांना चहा बदलायला सांगितलं नाही, पाटी बदलायला सांगितलं नाही, दुसऱ्या जातीचा माणूस नोकरीला ठेवा असं सुचवलं नाही. स्वतःची गाडी हॉटेलपुढे थांबवून चहा मागवला, प्यायले आणि बरोबरच्यांनाही पाजला. हॉटेल चालत नव्हतं याचा दोष रांधणाऱ्यात नव्हता, म्हणून बदलही रांधणाऱ्याकडून मागितला गेला नाही. आपल्याकडच्या खेड्यांतल्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळ्या कपबश्या ठेवल्या जात, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही वयस्क माणसाला सांगायची गरज नाही. कोण कोणाच्या हातचं खातो यात माणसाची किंमत ठरते, हे आपण इंग्रजांकडून शिकलेलो नाही. ज्यांच्या समाजाने हे भोगलंय आणि ज्यांच्या समाजाने हे लादलंय, त्या दोघांनीही लेस्टरच्या प्रश्नाकडे निव्वळ ‘धंदा’ म्हणून पाहू नये.

रांधणाऱ्याने स्वतःच्या अटींवर मिसळावं, यालाही जुना दाखला आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 मध्ये इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन जपानला पोचले. टोकियोतल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना लपवून ठेवलं, पुढे त्यांच्याच मुलीशी त्यांचं लग्न झालं. जपानला तेव्हा करी माहीत होती ती इंग्रजांच्या मार्गाने गेलेली, पिठाने घट्ट केलेली. बोस यांना ती आपल्या देशाची विटंबना वाटत असे. नाकामुरायाने 1927 मध्ये उपाहारगृह सुरू केलं तेव्हा बोस यांनी तिथे भारतीय पद्धतीची, मसाल्यांची, हाडांसकट कोंबडीची करी आणली. ती इतर ठिकाणच्या करीपेक्षा कितीतरी महाग होती आणि तरी चालली. तांदूळ मात्र जपानीच होता. बोस यांनी तडजोड केली नाही असं नाही, पण कुठे करायची ते स्वतः ठरवलं. आणि त्यांना ते ठरवता आलं, कारण घर देणारं, नातं जोडणारं, भांडवल लावणारं एक जपानी कुटुंब पाठीशी उभं होतं. लेस्टरजवळच्या त्या सुनेच्या पाठीशी असं कोण आहे? तिथली मराठी मंडळी? तिच्याकडून ऐकलं ते मला लागलं. तिथले आपलेच लोक गणपतीत येतात, ‘भाकरी बघून बरं वाटलं’ म्हणतात, फोटो काढतात आणि पनीर बटर मसाला मागवतात. भाकरीचा भाव ऐकून ‘गावाकडे दहा रुपयांत मिळते’ असंही म्हणतात.

उलट उदाहरणही तिनेच सांगितलं. शेजारच्या एक म्हाताऱ्या इंग्रज बाई वेळ अमावास्येच्या दिवशी सहज आत आल्या. त्या शेतकरी घरातल्या. भज्जी कशाची, आंबील का, शेतात जेवायचं कशासाठी, हे त्यांनी खुर्ची ओढून विचारलं. आता दर आठवड्याला येतात आणि घरून आणलेलं वाटाण्याचं सूप भाकरीबरोबर खातात. सासूबाईंनीही ते सूप चाखलं आणि त्यात लसणाची फोडणी घातली. ते आता फळ्यावर आहे. माझ्या लेखी ते सूप मराठवाड्याचं आहे, त्या इंग्रज बाईंचंही आहे, आणि अशा शंभर गोष्टी तिथे व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं.

लेस्टर शहराचाच इतिहास बघा. इदी अमीनने 1972 मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वृत्तपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका. लोक तरी आले, त्यात गुजराती पुष्कळ. त्यांनी बेलग्रेव्ह रोडवर दुकानं मांडली. आज त्याच रस्त्यावरची दिवाळी हे शहर अभिमानाने मिरवतं. आपल्या कुटुंबाला तिथे ज्वारीचं पीठ मिळतं ते त्याच गुजराती वाण्यांच्या कृपेने. आधी गेलेल्यांनी अपमान सोसून पाडलेल्या वाटेनेच नंतरचे जातात, हे इथून टीका करणाऱ्यांनी विसरू नये.

आणि आपल्या दारात आलेल्यांचं काय? नेपाळ-दार्जिलिंगकडची पोरं लातूरला, परभणीला, संभाजीनगरला मोमोचे आणि चायनीजचे गाडे लावतात. आपण त्यांना लसूण वाढवायला लावला, तिखट वाढवायला लावलं, त्यांनी वाढवलं. आत कसलं मांस घालतात कोण जाणे, ही कुजबुजही आपलीच. त्यांच्या घरी कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या पिठाचा ढिंडो होतो, आंबवून वाळवलेल्या पाल्याचं गुंद्रुक होतं. आपल्या आंबिलीशी आणि अंबाडीच्या भाजीशी त्याचं किती जवळचं नातं आहे! गाड्यावर उभं राहून ‘तुमच्या घरी काय खाता रे?’ असं आपल्यापैकी कोणी विचारलं आहे का? सिल्हेटच्या माणसाशी ब्रिटन जसं वागलं, तसंच आपण या मुलांशी वागतो आहोत. लेस्टरला भाकरीचा मान मागायचा तर इथे ढिंडोचा मान ठेवावा लागेल.

शेवटी एक अगदी कोरडी वाटणारी बाब, पण फळा तीच ठरवते. रोज शंभर भाकऱ्या थापणं एका सासूच्या मनगटाला झेपत नाही. त्या कुटुंबाला लातूरकडची, भाकरीचा हात असलेली एखादी बाई पगारावर न्यायची होती. ब्रिटनने एप्रिल 2024 पासून बाहेरच्या कुशल कामगाराला व्हिसा देण्यासाठीची किमान वार्षिक पगाराची सर्वसाधारण मर्यादा 26,200 वरून 38,700 पौंडांवर नेली, आणि 2025 मध्ये नियम आणखी आवळले. एवढा पगार देणं लहान हॉटेलाच्या आवाक्यातलं नाही. नानला तंदूर पुरतो आणि तो लावणारे हात तिथे आधीपासून आहेत. भाकरीचे हात इथे आहेत आणि त्यांना जायला वाट नाही. व्हिडिओखाली शरम काढणाऱ्यांपैकी कोणालाही हा नियम ठाऊक नव्हता. ज्यांचे भाऊबंद तिथे मतदार आहेत, त्यांनी तिथल्या खासदाराला यावर पत्र लिहायला लावावं. तिथे जाणं होईल त्यांनी भाकरी मागवावी, पुढच्या माणसालाही मागवायला लावावी आणि फळ्यावरचा भाव कुरकुर न करता द्यावा. आणि पुण्यात राहणाऱ्या आमच्या लातूरकरांपैकी कोणीतरी येसर आमटीची पहिली ठसठशीत पाटी लावावी. गिऱ्हाईक म्हणून मी येईन.